उडत्या तबकड्या आणि सरकारी कुलपे

१९८० साली वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात एक विलक्षण खटला उभा राहिला. 'सिटिझन्स अगेन्स्ट यूएफओ सीक्रसी' या छोट्याशा संघटनेने नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला, म्हणजे जगभरचे संदेश चोरून ऐकणाऱ्या अमेरिकी एनएसएला, कोर्टात खेचले होते. उडत्या तबकड्यांबद्दल तुमच्याकडे जे कागद आहेत ते आम्हाला द्या, एवढीच मागणी. कागद आहेत, हे एनएसएने मान्य केले. ते का देता येत नाहीत, हे मात्र उघड न्यायालयात सांगायचीही तिची तयारी नव्हती. युजीन येट्स या अधिकाऱ्याने २१ पानांचे 'टॉप सीक्रेट' प्रतिज्ञापत्र केले आणि न्यायाधीश गेरहार्ड गेसेल यांनी ते बंद दाराआड वाचले. अर्जदारांच्या वकिलाला ते पाहायला मिळाले नाही. वाचून झाल्यावर गेसेल यांनी निकाल दिला तो सरकारच्या बाजूने.

गेसेल हे काही सरकारच्या हो ला हो म्हणणारे न्यायाधीश नव्हते. १९७१ मध्ये 'पेंटागॉन पेपर्स', म्हणजे व्हिएतनाम युद्धावरचे गुप्त सरकारी कागद, छापण्यापासून 'वॉशिंग्टन पोस्ट'ला रोखायला याच गेसेल यांनी नकार दिला होता. अशा माणसानेही तोंड मिटले, म्हणजे कागदांत नक्कीच काहीतरी भयंकर असणार, असा अर्थ तबकड्यांच्या अभ्यासकांनी काढला. पुढे प्रतिज्ञापत्राची प्रत संघटनेच्या हाती पडली तेव्हा तिच्यातली पानेच्या पाने काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती. त्या काळ्या पानांवर पुढची कित्येक वर्षे व्याख्याने झाली, लेख लिहिले गेले.

कालांतराने पट्ट्या बऱ्याच अंशी निघाल्या. रोखून धरलेल्या कागदांत १९५८ ते १९७९ या काळातले १५६ अहवाल होते आणि ते सगळे परक्या सरकारांचे चोरून ऐकलेले संदेश होते. त्यांच्या रडारवाल्यांना आकाशात काही अनोळखी दिसले, ते एकमेकांशी त्याबद्दल बोलले आणि अमेरिकेने ते ऐकले. आपण कोणाचे, कुठून आणि किती ऐकू शकतो हे एनएसएला लपवायचे होते. आकाशात काय दिसले, हा तिच्या दृष्टीने दुय्यम मामला होता.

गेल्या पाऊणशे वर्षांतला तबकड्यांचा वाद बारकाईने पाहिला तर हाच नमुना पुन्हा पुन्हा समोर येतो. सरकार लपवाछपवी करते, हा आरोप खरा आहे आणि अनेकदा कागदोपत्री सिद्ध झालेला आहे. लपवलेल्या गोष्टी बाहेर आल्या तेव्हा मात्र निघाले ते आपलेच कान, आपलेच डोळे आणि आपलीच विमाने. हा अनुभव एका बाजूला आणि 'यान आहे, प्रेते आहेत, सगळे दडवले आहे' हा दावा दुसऱ्या बाजूला. आज अमेरिकेत चाललेली उघडकीची चळवळ या दोहोंच्या मध्ये उभी आहे.

रॉसवेल: खोटे बोलण्याची किंमत

२४ जून १९४७ रोजी वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ केनेथ अर्नोल्ड या हौशी वैमानिकाला वेगाने जाणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. वर्तमानपत्रांनी चालीचे वर्णन आकाराला चिकटवले आणि 'फ्लाइंग सॉसर' जन्माला आली. दोन आठवड्यांत देशभरातून शेकडो लोकांना तबकड्या दिसू लागल्या.

त्याच गदारोळात, ८ जुलै रोजी, न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल हवाई तळाने एक पत्रक काढले: एका कुरणात सापडलेली 'उडती तबकडी' आमच्या ताब्यात आहे. काही तासांतच वरिष्ठांनी खुलासा केला की तो हवामानखात्याचा फुगा होता. प्रकरण मिटले, आणि तीस वर्षे मिटलेलेच राहिले. १९७८ मध्ये त्या वेळचा गुप्तवार्ता अधिकारी जेसी मार्सेल याने ते अवशेष या जगातले नव्हते असे सांगायला सुरुवात केली. १९८० मध्ये त्यावर पुस्तक आले आणि रॉसवेलची दंतकथा झाली.

न्यू मेक्सिकोचे लोकप्रतिनिधी स्टीव्हन शिफ यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९९४ मध्ये हवाई दलाने खरे काय ते सांगितले. 'प्रोजेक्ट मोगल' या अतिगुप्त प्रकल्पात फुग्यांच्या लांबलचक माळेला ध्वनिग्राहक बांधून ते वातावरणाच्या वरच्या थरात सोडले जात. सोव्हिएत रशियाने अणुबाँबची चाचणी केलीच, तर तिचा आवाज हजारो मैलांवरून टिपायचा, हा बेत. कुरणावर सापडलेले तुकडे होते रबराच्या पट्ट्या, चंदेरी वर्खाचा कागद, हलक्या बाल्सा लाकडाच्या काड्या आणि फुलाफुलांची नक्षी असलेली चिकटपट्टी. रडारला दिसावेत म्हणून माळेला जे परावर्तक लावत, ते हेच. दंतकथेतली 'गूढ चित्रलिपी' म्हणजे ती नक्षी असावी, असा निष्कर्ष निघाला.

म्हणजे १९४७ मधला 'हवामानखात्याचा फुगा' हा खुलासा अर्धा खरा होता. फुगा होता, पण हवामानाचा नव्हता. मूळ गुपिताचे आयुष्य तर अगदीच थोडे होते. रशियाने ऑगस्ट १९४९ मध्ये पहिला अणुस्फोट केला आणि अमेरिकेने तो ओळखला तो विमानांनी गोळा केलेल्या किरणोत्सर्गी कणांवरून. तरीही मोगलचे नाव रॉसवेलच्या संदर्भात यायला ४७ वर्षे लागली. त्यातही घोळ झाला. शिफ यांच्याच मागणीवरून संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने केलेल्या तपासात तळाच्या त्या काळातल्या काही नोंदी नष्ट झाल्याचे आढळले. कोणी केल्या, कोणाच्या आदेशाने, ते कळले नाही. १९९७ मध्ये हवाई दलाने आणखी एक जाडजूड अहवाल काढला आणि रॉसवेलच्या दंतकथेत लोकांनी पाहिलेली 'प्रेते' म्हणजे हवाई छत्र्यांच्या चाचणीसाठी टाकलेले पुतळे होते, असे सांगितले. ते पुतळे टाकले गेले १९५० च्या दशकात! १९४७ च्या घटनेला १९५० च्या दशकातला खुलासा जोडल्यावर हसे व्हायचे ते झालेच. उशिरा सांगितलेले सत्यही लोकांना बनाव वाटते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे अवघड आहे.

चौकशी की समजूत?

तबकड्यांच्या चौकशीसाठी हवाई दलाने १९४८ मध्ये 'साइन', १९४९ मध्ये 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक' असे एकामागून एक प्रकल्प चालवले. जुलै १९५२ मध्ये खुद्द राजधानीच्या आकाशात, राष्ट्रीय विमानतळाच्या रडारवर, सलग दोन शनिवार-रविवार अनोळखी ठिपके उमटले आणि लढाऊ विमाने धाडावी लागली. मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांना मोठी पत्रकार परिषद घ्यावी लागली. गरम हवेच्या थरामुळे रडारला भास झाला असावा, हे त्यांचे स्पष्टीकरण बऱ्याच जणांच्या गळी उतरले नाही.

त्यानंतर सीआयएने जानेवारी १९५३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची बैठक बोलावली. काही दिवस निवडक प्रकरणे चाळून समितीने सांगितले की या वस्तूंपासून देशाला थेट धोका दिसत नाही. तिला धोका दिसला तो वेगळाच. हल्ल्याच्या वेळी तबकड्यांच्या तक्रारींनी संदेशयंत्रणा तुंबली तर खरा शत्रू कसा दिसणार? म्हणून लोकांचे कुतूहल कमी करावे, त्यासाठी दूरचित्रवाणी आणि चित्रपट वापरावेत, आणि तबकड्यांच्या हौशी मंडळांवर नजर ठेवावी, अशा शिफारशी तिने केल्या. शीतयुद्धाच्या धास्तीत हे शहाणपणाचे वाटले असेल. पण त्या दिवसापासून चौकशी आणि लोकांची समजूत घालणे ही दोन कामे एकाच टेबलावर आली, आणि पहिल्याची पत दुसऱ्याने घालवली.

ब्लू बुकचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांची वाटचाल या पतनाची साक्ष आहे. सुरुवातीला ते पक्के संशयवादी. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या काही दर्शनांचे कारण दलदलीतला वायू असू शकेल, असे ते म्हणाले आणि देशभर टिंगल झाली. त्या राज्याचे तेव्हाचे लोकप्रतिनिधी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय सुनावणीची मागणी लावून धरली. मग कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला गेला. त्याचे प्रमुख एडवर्ड काँडन यांनी निष्कर्ष काढला की तबकड्यांच्या अभ्यासातून विज्ञानाच्या पदरात काही पडलेले नाही. पण अभ्यास सुरू होण्याआधीच त्याच्या समन्वयकाने लिहिलेले एक टिपण मधल्या काळात फुटले होते. अभ्यास जनतेला पूर्ण वस्तुनिष्ठ दिसावा आणि शास्त्रज्ञांना मात्र तबकडी सापडण्याची जवळजवळ अपेक्षाच नसलेल्यांचा वाटावा, अशी मांडणी कशी करता येईल, याची चर्चा त्यात होती. निष्कर्ष बरोबर असूनही त्याच्यावरचा विश्वास उडाला. डिसेंबर १९६९ मध्ये ब्लू बुक बंद झाला तेव्हा १२,६१८ प्रकरणांची नोंद झाली होती आणि त्यांतल्या ७०१ प्रकरणांपुढे 'अनोळखी' असा शेरा होता. सरकारचे टीकाकार झालेल्या हायनेक यांनी १९७३ मध्ये स्वतःचे अभ्यास केंद्र काढले.

आपलीच विमाने, आपल्याच पुड्या

१९५५ च्या उन्हाळ्यात नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेक येथे यू-२ या हेरविमानाची उड्डाणे सुरू झाली. त्या काळी प्रवासी विमाने १० ते २० हजार फुटांवरून जात. यू-२ साठ हजार फुटांच्याही वर. संध्याकाळी खाली अंधार पडला तरी इतक्या उंचीवर ऊन असते. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आपल्या डोक्यावर, जिथे कोणतेच विमान असू शकत नाही अशा ठिकाणी, चमचमणारी वस्तू दिसे. तो रीतसर तक्रार नोंदवी. ब्लू बुकचे अधिकारी गुपचूप सीआयएच्या लोकांना विचारून त्या दिवसाच्या उड्डाणांशी ती ताडून पाहत. तक्रारदाराला खरे सांगायची मात्र सोय नव्हती. मग 'बर्फाचे कण', 'तापमानाचा उलटा थर' अशी ठेवणीतली कारणे कळवली जात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंतच्या निम्म्याहून अधिक दर्शनांचे मूळ अशा हेरविमानांत होते, असे सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिले. हा आकडा फुगवलेला आहे असे काही अभ्यासक म्हणतात. तरी सरकारने सज्ञान नागरिकांना जाणूनबुजून खोटी उत्तरे दिली, याची ती सरकारी कबुलीच होती. यू-२ चा इतिहास बऱ्यापैकी उघडा करून ग्रूम लेकच्या तळाचे 'एरिया ५१' हे नाव अधिकृतपणे मान्य करायला तर २०१३ साल उजाडले. तेही माहिती अधिकाराच्या अर्जामुळे.

गप्प राहणे, खोटे उत्तर देणे, आणि याच्याही पुढची पायरी म्हणजे मुद्दाम पुड्या सोडणे. १९८० च्या दशकात अल्बुकर्कच्या कर्टलंड तळाजवळ राहणाऱ्या एका उद्योजकाला तळावर दिवे दिसले, काही संदेश पकडता आले. हवाई दलाच्या तपास विभागाने त्याला गप्प बसवण्याऐवजी परग्रहवासीयांच्या कटाच्या बनावट कथा पुरवल्या. या कामात आपण हात दिला, असे रॉसवेलवरच्या त्या १९८० च्या पुस्तकाचे सहलेखक विल्यम मूर यांनी १९८९ मध्ये तबकडी अभ्यासकांच्या भर परिषदेत कबूल केले. सभागृहात गदारोळ झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या बारा जणांच्या गुप्त समितीचे म्हणून १९८७ मध्ये गाजलेले 'एमजे-१२' कागद एफबीआयने बनावट ठरवले. जून २०२५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने आणखी एक गोष्ट छापली: एरिया ५१ जवळच्या एका बारमालकाला हवाई दलाच्या कर्नलनेच तबकड्यांची बनावट छायाचित्रे दिली होती, कारण रडारला न दिसणाऱ्या एफ-११७ विमानाकडे लोकांचे लक्ष जाऊ द्यायचे नव्हते. काही गुप्त विभागांत नव्या अधिकाऱ्यांना परग्रही तंत्रज्ञानाचे खोटे कागद दाखवून गुप्ततेची शपथ घ्यायला लावण्याची 'प्रथा' कित्येक वर्षे चालल्याचेही त्याच बातमीत होते. त्यांतल्या काहींना ती थट्टा होती हे कधीच कळले नाही म्हणतात. आज जे जागले 'मला वरिष्ठांनी सांगितले, मी कागद पाहिला' म्हणून शपथेवर बोलतात, त्यांचे काही साक्षीदार या प्रथेतून गेलेले नसतील कशावरून? माणूस प्रामाणिक असू शकतो आणि त्याला मिळालेली माहिती बनावट असू शकते.

२०१७ नंतरची लाट

हा जुना वाद पुन्हा पेटला तो १६ डिसेंबर २०१७ रोजी. पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यात, तबकड्यांच्या अभ्यासाचा २.२ कोटी डॉलरचा अप्रसिद्ध प्रकल्प होता, अशी बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिली. नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांनी त्याला पैसा मिळवून दिला होता. कंत्राट गेले ते त्यांच्याच राज्यातले उद्योगपती रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीला. त्यातून प्रकाशाहून वेगवान प्रवासाच्या 'वॉर्प ड्राइव्ह'पासून अदृश्य होण्याच्या तंत्रापर्यंत ३८ निबंध निघाले आणि बिगेलो यांच्या मालकीच्या युटामधल्या 'भुताटकीच्या' रानावरही संशोधन झाले. या बाजूची चर्चा कमी झाली. चर्चा झाली ती नौदलाच्या चित्रफितींची. २००४ मध्ये 'निमिट्झ' विमानवाहू नौकेवरचे कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रावर पांढरी, लांबट गोळीसारखी वस्तू डोळ्यांनी पाहिली होती. पंख नाहीत, धूर नाही, आणि क्षणात दिसेनाशी झाली. एक चित्रफीत त्या प्रकरणातली; २०१५ मधल्या दोन पूर्व किनाऱ्याजवळच्या. पेंटागॉनने तिन्ही एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या.

मग चक्रे भराभर फिरली. जून २०२१ मध्ये गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने नऊ पानी अहवाल दिला: १४४ घटना, त्यांतल्या फक्त एकीचा उलगडा, आणि ती वस्तू म्हणजे हवा जाऊ लागलेला मोठा फुगा. मे २०२२ मध्ये पन्नासहून अधिक वर्षांनंतर पहिली उघड संसदीय सुनावणी झाली. जुलैत पेंटागॉनने 'आरो' हे कायमस्वरूपी कार्यालय थाटले. यूएफओ हा बदनाम शब्द मागे पडून यूएपी, म्हणजे 'अनोळखी असाधारण घटना', असा सोवळा शब्द आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनचा हेरफुगा पाडल्यावर रडारच्या चाळण्या बारीक केल्या गेल्या आणि लगेच तीन दिवसांत आणखी तीन वस्तू दिसल्या. प्रत्येकी चार लाख डॉलरहून महाग क्षेपणास्त्रे डागून त्याही पाडल्या. त्या बहुधा खासगी कंपन्यांच्या किंवा संशोधनाच्या होत्या, असे काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी सांगितले. जितके बारीक पाहू तितके अनोळखी जास्त दिसते, हा धडा त्या आठवड्याने दिला.

२६ जुलै २०२३ ची सुनावणी या लाटेचे शिखर. हवाई दलातून गुप्तवार्ता खात्यात आलेले डेव्हिड ग्रश यांनी शपथेवर सांगितले की अमेरिकेकडे कोसळलेली परकी याने आहेत, त्यांची नक्कल करण्याचा कार्यक्रम कित्येक दशके चालू आहे आणि मानवेतर 'जैविक' अवशेषही सापडले आहेत. हे त्यांनी स्वतः पाहिलेले नव्हते. चाळीसहून अधिक जणांनी सांगितले, असे त्यांचे म्हणणे. अधिक तपशील बंद खोलीत देऊ, असे ते वारंवार म्हणाले.

त्याच महिन्यात सिनेटचे बहुमत नेते चक शूमर आणि रिपब्लिकन माइक राउंड्स यांनी ६४ पानांचे विधेयक आणले. केनेडी हत्येच्या कागदपत्रांसाठी १९९२ मध्ये झालेल्या कायद्याच्या धर्तीवर नऊ जणांचे स्वतंत्र मंडळ नेमायचे, कागद उघडे करायचे, खासगी कंपन्यांकडे 'परके' अवशेष असतील तर तेही सरकारने ताब्यात घ्यायचे, अशी तरतूद होती. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटींत मंडळ आणि जप्तीचा अधिकार गळून पडला. उरले ते इतकेच: सर्व खात्यांनी या विषयाचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जमा करावेत आणि राष्ट्राध्यक्षांनी अडवले नाही तर पंचवीस वर्षांत ते उघडावेत. काही लपवायचेच नव्हते तर मंडळ का नाकारले, हा उघडकीवाल्यांचा सवाल. आधीच एक कार्यालय असताना दुसरे कशाला, हे विरोधकांचे उत्तर.

मार्च २०२४ मध्ये 'आरो'ने १९४५ पासूनच्या सरकारी चौकशांचा ऐतिहासिक अहवाल काढला. निष्कर्ष असा: परग्रही तंत्रज्ञानाचा कोणताही पडताळलेला पुरावा नाही, गुप्त कार्यक्रमाच्या कथा बऱ्याच अंशी एकमेकांना ओळखणाऱ्या छोट्या गटातच फिरत राहिल्या आहेत. त्या गटातल्या काहींनी 'कोना ब्लू' नावाचा प्रकल्प गृहसुरक्षा खात्यापुढे मांडला होता, तो फेटाळला गेला. साक्षीदारांनी ज्या प्रकल्पांकडे बोट दाखवले त्यांतले काही खरोखरच गुप्त होते, पण पार्थिव. नोव्हेंबर २०२४ च्या वार्षिक अहवालात नव्याने आलेल्या ७५७ नोंदी होत्या. उलगडा झालेल्यांत फुगे, पक्षी, ड्रोन, उपग्रह निघाले. २१ प्रकरणे मात्र पुढच्या तपासायोग्य वाटली. या निष्कर्षांवर आक्षेप एकच आणि तो टाळता येण्यासारखा नाही: ज्याच्यावर आरोप आहे त्याच पेंटागॉनच्या छत्राखाली हे कार्यालय चालते.

एका चित्रफितीचे गणित

पुरावा तपासायचा म्हणजे काय, हे 'गो फास्ट' या २०१५ च्या चित्रफितीवरून समजते. समुद्राच्या पृष्ठभागालगत एक पांढरा ठिपका अफाट वेगाने सरपटतो आहे, असे तिच्यात दिसते. वैमानिकांचे चीत्कारही ऐकू येतात. पण पडद्याच्या कडांना आकडे आहेत. विमानाची उंची २५,००० फूट. वस्तूपर्यंतचे अंतर एका क्षणी ३.४ सागरी मैल. कॅमेरा क्षितिजाच्या खाली सुमारे ३५ अंश कललेला. शाळेतले त्रिकोणमितीचे 'साइन' लावले तर वस्तू विमानापासून सुमारे १२,००० फूट खाली येते. म्हणजे ती समुद्रालगत नसून सुमारे १३,००० फूट उंचीवर आहे. विमान वेगात आहे आणि समुद्र फार खाली आहे, म्हणून मधला ठिपका पळताना भासतो. चालत्या गाडीतून जवळचा खांब दूरच्या डोंगरापुढे पळतो, तसेच हे. हौशी संशोधकांनी हे गणित आधीच मांडले होते. नासाच्या सोळा सदस्यांच्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तूचा वेग ताशी सुमारे ४० मैल काढला, म्हणजे त्या उंचीवरच्या वाऱ्याइतका. 'आरो'नेही नोव्हेंबर २०२४ मध्ये उंचीबाबत तेच सांगितले.

हे गणित करता आले कारण आकडे उघडे होते. 'निमिट्झ' प्रकरणात फ्रेव्हर यांच्यासारखा कसलेला साक्षीदार आहे, पण ज्या रडारच्या नोंदींनी वाद मिटला असता त्या जनतेपुढे आलेल्या नाहीत. ते प्रकरण म्हणूनच अनिर्णित आहे, आणि तसेच म्हणायला हवे. आणखी चित्रफिती मागणाऱ्या एका अर्जाला नौदलाने २०२२ मध्ये उत्तर दिले की त्या आहेत, पण दिल्यास शत्रूला आमच्या क्षमता कळतील; पहिल्या तीन दिल्या कारण त्या आधीच फुटल्या होत्या. १९८० मध्ये गेसेल यांच्यापुढे केलेला युक्तिवाद, फक्त कानाच्या जागी डोळा.

दुसऱ्या वाटा

फ्रान्समध्ये हे काम १९७७ पासून लष्कराकडे नसून अवकाश संशोधन संस्थेकडे आहे. तिने २००७ मध्ये सुमारे १,६०० प्रकरणांच्या फाइली सगळ्यांना पाहता येतील अशा खुल्या केल्या. फ्रेंचांनाही थोड्या घटनांचा उलगडा झालेला नाही, पण त्यावरून देशात सरकारी कटाची आवई उठत नाही. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने २००८ ते २०१३ या काळात आपल्या फाइली टप्प्याटप्प्याने अभिलेखागाराला दिल्या आणि २००९ च्या अखेरीस तबकड्यांचे टेबलच बंद केले. पन्नास वर्षांत देशाला धोका दाखवणारी एकही नोंद मिळाली नाही, हे त्यांचे कारण.

भारतात हा वाद राजकीय झालेला नाही. तरी त्याची झलक दिसते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर लष्कराने ३२९ वेळा अनोळखी तेजस्वी वस्तू नोंदवल्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी सांगितले की ते गुरू आणि शुक्र आहेत. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्याने वाहतूक थांबली, राफेल विमाने धाडली गेली आणि हाती काही लागले नाही. आणि २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी, विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, हे उपग्रहांच्या खुल्या नोंदींवरून दोन दिवसांत जगजाहीर झाले. तहसीलदारांपासून इस्रोपर्यंत सगळ्यांनी ते पाहिले, छायाचित्रे सर्वत्र छापली गेली, आणि चंद्रपूरचे रॉसवेल झाले नाही.

आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक माहितीचे दार उघडतो. पण राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद त्याला तिथेही लागू आहे आणि गुप्तचर संस्था तर जवळजवळ कायद्याबाहेरच ठेवल्या आहेत. म्हणजे कुलपाची घडण आपल्याकडेही तीच आहे.

मागणी नेमकी कशाची?

अमेरिकेतल्या उघडकीच्या चळवळीत दोन मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक संविधानिक: लोकांच्या पैशातून चालणारे काही 'विशेष प्रवेश' कार्यक्रम इतके बंदिस्त असतात की त्यांची माहिती संसदेतल्या मोजक्या नेत्यांनाच, तीही तोंडी, दिली जाते. मॅनहॅटन प्रकल्पाचा खर्च संसदेतल्या बहुतेकांपासून लपवला गेला होता. सीआयएने माणसांवर त्यांच्या नकळत मनोनियंत्रणाचे प्रयोग केले आणि १९७३ मध्ये त्यांच्या बऱ्याचशा फाइली नष्ट केल्या. अशा इतिहासाच्या देशात नागरिक संशय घेत असतील तर त्यांना खुळे ठरवणे अन्यायाचे आहे. ही मागणी तबकड्या नसत्या तरी रास्तच ठरली असती.

दुसरी मागणी म्हणजे ठराविक उत्तराची: परग्रहवासी आहेत असे कबूल करा. हिची अडचण अशी की 'नाही' हे उत्तर तिला कधीच पुरेसे नसते. कागद मिळाला नाही तर दडवला, मिळाला तर अर्धवट, पूर्ण मिळाला तर बनावट. तिच्यामागे मालिका, माहितीपट आणि पुस्तकांचा मोठा बाजार उभा आहे, आणि 'लवकरच मोठा गौप्यस्फोट' हे त्या बाजाराचे न संपणारे भांडवल आहे.

सरकारलाही ही सरमिसळ सोयीची आहे. पहिली मागणी करणाऱ्याला दुसऱ्याच्या पंक्तीला बसवले की त्याचे ऐकावे लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'सगळे उघड झाले' अशी बातमी येईल तेव्हा साक्षीदाराचा हुद्दा किंवा सभागृहातल्या टाळ्या बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ नोंद, तिच्या आकड्यांसकट, सरकारबाहेरच्या माणसाला तपासता येते का? ती कोणाकोणाच्या हातून गेली, याची साखळी आहे का? आणि जे अजून झाकले आहे ते कोणत्या तारखेला आपोआप उघडेल, असे कायद्यात लिहिले आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे 'नाही' असतील तर बातमी कितीही सनसनाटी असो, ती ऐकीव आहे. आणि तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर सरकारी खुलाशावर विश्वास ठेवायचेही कारण नाही, मग तो खरा का असेना. मोगल १९५० मध्ये उघडा झाला असता तर त्याच्यामुळे कोणाची हानी झाली नसती. १९९४ पर्यंत तो झाकून ठेवल्यामुळे सरकारच्या शब्दाची किंमत गेली. कोणत्याही लोकशाहीला परग्रहावरचा पाहुणा आला की नाही याहून हे नुकसान महागात पडते, आणि ते भरून काढायला परग्रहवासीयांची वाट पाहावी लागत नाही. कागदावर मुदत घालणारा कायदा आणि तो पाळणारा अधिकारी एवढे पुरते.